अर्धपोटी उंदरांच्या पन्नास पिढ्या

गटाच्या बैठकीत नेहमी कुणीतरी म्हणतं, "ताई, शुगर हा खात्यापित्या घरचा आजार. राबणाऱ्या बाईला कुठून होणार?" आज याचं उत्तर उंदरांकडून घेऊ.

पुण्याच्या आणि सिडनीच्या संशोधकांनी, डॉ. आनंदवर्धन हर्डीकर यांच्या पुढाकाराने, काही उंदीर ५० पिढ्या कमी पोषणावर वाढवलेले अभ्यासले. माणसाच्या हिशेबात हा काळ हजारेक वर्षांचा! २०१५ साली निष्कर्ष छापून आले. पिल्लं कमी वजनाची जन्मत होती, रक्तात बी-१२ कमी आणि इन्सुलिन जास्त होतं. स्वादुपिंडाला इजा करणारं औषध टोचलं तेव्हा चांगलं खाल्लेल्या उंदरांपेक्षा यांना मधुमेह होण्याचा धोका ८ पट निघाला. मग दोन पिढ्या पोटभर चारलं. तरी फरक मिटला नाही, उलट अंगावर चरबी चढली. दुष्काळ सोसलेल्या आणि आता पुडीतला खाऊ, चहा-बिस्कीट हाताशी आलेल्या मराठवाड्याला हे ओळखीचं वाटेल.

इन्सुलिन फक्त साखर सांभाळत नाही. पोटातल्या बाळासाठी ते वाढीचं खतच. आईची साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि फार मोठं होतं, बाळंतपण अडतं. पण बाळ लहान असलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडकुळी, तरी कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी सून घरोघरी आहे, आणि मला हा रिवाज मुळीच पटत नाही. गरोदर बाईचं ताट आधी वाढा. बी-१२ पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मटण-मासळीत असतं.

आणि तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत एकदा, पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. पहिली चांगली आली म्हणून दुसरी चुकवू नका. आशाताईंकडे तारीख विचारून ठेवा.