आडव्या रेघेला पेशी गप्प का?

सुरतच्या बमरोलीतल्या लूमच्या खात्यात खडखडाटापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. भिस्त सगळी डोळ्यांवर. जळगाव-धुळ्याकडून आलेला कारागीर शेकडो उभ्या तारांवर नजर टाकतो आणि तुटून तिरपी पडलेली एकच तार हेरतो.

तारेचा असा तिरपेपणा, म्हणजे रेघेचा कोन, ओळखणाऱ्या पेशी मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टिकेंद्रात असतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना त्या 1959मध्ये मांजरात सापडल्या. 1981चं नोबेल त्यातूनच आलं. उभ्या रेघेला भराभर विद्युत्-स्पंद सोडणारी पेशी आडव्या रेघेला ढिम्म असते. तिला निरोपच पोचत नाही, की शेजारच्या पेशी तिचं तोंड दाबतात?

हे तपासायचं तर रसायन नेमकं त्या पेशीपाशी सोडायला हवं. रक्तातून दिलं तर अख्ख्या मेंदूवर परिणाम. त्यासाठी अनेक नळ्यांची काचेची सुई वापरतात. टोक अवघं काही मायक्रॉनचं. एका नळीतून पेशीचे स्पंद टिपायचे, बाकीच्यांत रसायनं भरायची. त्यांचे कण विद्युतभारित असल्यानं अगदी क्षीण प्रवाहानं बाहेर ढकलता येतात आणि प्रवाह उलटा केला की आतच थोपतात. त्यामुळे एकाच पेशीचं वागणं रसायनाआधी, रसायनासह आणि नंतर, असं तिन्ही वेळा पाहता येतं. मला यातली ही सोयच सर्वांत हुशारीची वाटते.

ब्रिटिश संशोधक ॲडम सिलिटो यांनी 1975मध्ये मांजराच्या दृष्टिकेंद्रात बायक्युक्युलिन सोडलं. हे रसायन पेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ची वाट अडवतं. काही पेशी मग नको त्या कोनालाही प्रतिसाद देऊ लागल्या. तोंड दाबलं जात होतं तर!

प्रकरण इथं मिटलं नाही. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले, एमआयटीचे मृगांक सूर आणि सहकाऱ्यांनी 1994मध्ये एकेका पेशीच्या आतूनच हा दाब बंद केला. तरी तिची कोनाची निवड टिकली. बाहेर सोडलेलं रसायन शेजारणींनाही मोकळं सोडतं, हा फरक तेव्हा ध्यानात घ्यावा लागला. वाद पुढेही बरीच वर्षं रंगला.

हाच दाब म्हातारपणी कमी पडतो का, हे पाहायला 2003मध्ये ऑडी लेव्हेन्थल यांच्या गटानं म्हाताऱ्या माकडांच्या पेशींपाशी गाबा सोडलं. कोनांचा भेद विसरलेल्या कितीतरी पेशी तरुण माकडांच्या पेशींसारख्या वागू लागल्या. उलट, गाबाला अडवणाऱ्या गॅबाझिनचा परिणाम तरुणांत जोरदार, म्हाताऱ्यांत मात्र बेताचाच. त्यांच्यात अडवण्याजोगा दाबच कमी उरला होता.