कुरणातले गर्द ठिपके

न्यूझीलंडमध्ये दुभत्या गाई बहुधा वर्षभर मोकळ्या कुरणात चरतात. अशा कुरणाकडे नीट पाहिले, तर मधूनमधून अधिक उंच, गर्द हिरव्या गवताचे ठिपके दिसतात. हे कशामुळे? गाईचे मूत्र जेथे पडले, तेथले हे गवत. मूत्रातील युरियातून त्याला भरपूर नत्र मिळाले.

मग बिघडले कोठे? थोडा हिशेब करू. गाय एका वेळी सुमारे २ लिटर मूत्र टाकते. लिटरमागे १० ग्रॅम नत्र धरले, तर २० ग्रॅम नत्र जेमतेम ०.४ चौरस मीटर जागेत पडते. म्हणजे हेक्टरी ५०० किलोग्रॅम! एवढे नत्र गवताला शोषता येत नाही.

उरलेल्याचे काय होते? युरियापासून अमोनियम बनते. मातीतील जिवाणू हवेच्या मदतीने त्याचे नायट्रेट करतात. पावसाने मातीची छिद्रे पाण्याने भरली, की ऑक्सिजन कमी पडतो. तेव्हा दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि अखेर साधा नायट्रोजन वायू उरतो. पण काही रेणू वाटेतच नायट्रस ऑक्साइडच्या रूपात निसटतात. माती आम्लधर्मी असेल तर शेवटची पायरी अडखळते आणि ही गळती वाढते.

नायट्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा. अवरक्त किरण त्यातून सरळ पार होतात. नायट्रस ऑक्साइडचा तीन अणूंचा रेणू कंप पावताना त्यातील विद्युतभाराची मांडणी बदलते, म्हणून तो हे किरण शोषतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा १ ग्रॅम २७३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. त्या २० ग्रॅम नत्रातील शेकडा एक भाग जरी असा निसटला, तरी एका ठिपक्याचा परिणाम सुमारे ८६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका! आणि गाय दिवसातून दहाएक वेळा मूत्र टाकते.

उपाय सोपा नाही. अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवणारे एक रसायन तेथे वापरात होते. त्याचे सूक्ष्म अंश दुधात आढळल्याचे २०१३ च्या जानेवारीत जाहीर झाले. ते बाजारातून काढून घेण्यात आले. आता गवतात प्लँटेन ही आपल्या इसबगोलाच्या जवळच्या नात्यातील वनस्पती मिसळून पेरतात. ती खाल्ल्याने मूत्र पातळ होते आणि त्यातील नत्राचे प्रमाण घटते. नत्र हवेच, पण गवताला पचेल तेवढेच.

विद्यार्थी मित्रहो, ८६ हा आकडा स्वतः पडताळून पाहा. नायट्रस ऑक्साइडचा रेणुभार ४४, त्यातील नत्र २८. एवढी माहिती पुरेशी आहे!