दिवा मालवल्यानंतरची पंधरा मिनिटं

मुंबईला नोकरी आणि भाईंदरला घर, असं ज्यांचं आयुष्य विरार लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं, त्यांना आपली मुलं भेटतात ती दिवसाच्या दोन टोकांना. सकाळची गडबड डबा आणि दप्तरात संपते. उरते ती रात्र. आमचं मुर्धा तर स्टेशनच्याही पुढे, उत्तनच्या रस्त्यावर. गाडीनंतर बसची रांग आहेच. घरी येऊन जेवणं उरकून अंथरुणाला पाठ टेकावी, तर दोन्ही बाजूंनी दोन आवाज येतात, ''आई, गोष्ट!''

अशा वेळी 'मुलांना वेळ द्या' हा उपदेश दमलेल्या बाईला आणखी एका कामासारखा वाटतो. पण मुलं खरोखर काय मागत असतात? रोज नवी गोष्ट नक्कीच नाही. चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर त्यांना तोंडपाठ असतं. एखादं वाक्य गाळलं तर लगेच पकडतात! पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच त्यांचा आनंद असतो. म्हणजे कल्पनाशक्ती थकली असली तरी चालतं. आई शेजारी असली म्हणजे झालं.

आणि गोष्ट राजाराणीचीच कशाला हवी? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्यातल्या प्रकरणांना नावच 'रात्र' आहे. अशा बेचाळीस रात्री, आणि त्यांत आहेत त्या घरातल्याच साध्या घडामोडी. पश्चिम रेल्वेच्याच वाटेवर, डहाणूच्या पुढे बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी अवतीभवतीचे शिंपले, बिया, पानं हाताशी घेतली. तोच न्याय मी गोष्टीला लावला. आमच्या सासूबाईंचं बालपण मिठागराच्या कडेला गेलं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचं, मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे आणि पावसाआधी सगळं उरकायचं. आमच्या घरात ही गोष्ट आता चिऊकाऊइतकीच लाडकी आहे.

दिवा मालवल्यावर आणखी एक घडतं. 'शाळेत काय झालं?' या प्रश्नाला उजेडात 'काही नाही' हेच उत्तर मिळतं. एकदा अंधारात मीच ऑफिसात साहेब माझ्यावर कसे चिडले ते सांगत होते. थोडा वेळ शांततेत गेला. मग धाकटा हळूच म्हणाला, ''मला पण एक दादा रोज चिडवतो. डबा काढून घेतो.'' शाळेच्या व्हॅनमधला हा त्रास कितीतरी दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी बोलून तो मिटवता आला. समोर बसून विचारलं असतं तर तो बोलला असता, असं मला वाटत नाही. शेजारी पडल्यावर कुणी चेहरा वाचत नसतं, म्हणून जीभ सुटते.

अर्थात ही बैठक लांबवून उपयोग नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीची २०१६ ची शिफारस आहे. सकाळची शाळा असेल तर नऊला दिवा मालवायलाच हवा. म्हणून फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा आणि पंधराच मिनिटं, पण पुरती मुलांची, द्यायची.

काही रात्री तेवढंही बोलवत नाही. तेव्हा मी सरळ सांगते, ''आज मी फार दमलेय, तुम्हीच सांगा.'' मग थोरली मिठागरात भरतीचं पाणी सोडते, धाकटा त्यात मध्येच एक मगर घुसवतो, आणि मीठ तयार व्हायच्या आतच तिघांपैकी कुणीतरी झोपलेलं असतं. बहुतेक वेळा मीच.