अपघातात जखमी झालात? भरपाईचे मार्ग

ईट (ता. भूम) येथील कुणी रस्त्यावर मोटारीच्या धडकेने जखमी झाला, तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला, तरी आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये दोन वाटा आहेत. कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख ठरलेले. कलम 166 खाली चूक दाखवावी लागते, पण रकमेला अशी मर्यादा नाही. पहिल्या वाटेचे पैसे स्वीकारण्याआधी वकिलाला विचारा. ते पैसे घेतल्याने दुसरा दावा संपुष्टात येऊ शकतो.

समजा, 33 वर्षांच्या मजुराचे मासिक उत्पन्न 12,000 रुपये आहे आणि त्याची काम करण्याची क्षमता 40 टक्के घटली. या वयाचा गुणक (वार्षिक नुकसानीला गुणायचा आकडा) 16. म्हणजे उत्पन्नाचे नुकसानच 9,21,600 रुपये. उपचारखर्च, वेदना, भावी उत्पन्नवाढ वेगळी. म्हणून अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा महत्त्वाचा.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला 50,000 व मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात; अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा.

एफआयआरची प्रत, दवाखान्याची बिले, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. वकील लवकर गाठा.