मधुमेहावरील औषधे आणि रक्ततपासणीचा अन्वयार्थ

मधुमेहाच्या उपचारात औषध आणि तपासणी यांचे नाते सामान्यतः एकेरी मानले जाते : औषधाने रक्तशर्करा कमी होते आणि ती किती कमी झाली, हे तपासणी सांगते. वस्तुतः काही औषधांचा परिणाम शर्करेखेरीज अन्य घटकांवरही होतो आणि त्यामुळे अहवालातील आकड्याचा अर्थच बदलतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यतः मेटफॉर्मिनच्या संदर्भात मांडला आहे.

१९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरील उपयोग प्रसिद्ध केल्यापासून हे औषध वापरात आहे. ते स्वस्त आणि गुणकारी आहे, याविषयी वाद नाही. तथापि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जीवनसत्त्व बी-१२ शोषले जाण्याच्या क्रियेत ते अडथळा आणते. नेदरलँड्समधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे सव्वाचार वर्षांच्या सेवनानंतर बी-१२ ची पातळी तुलनागटापेक्षा १९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरत असल्याने ही घट उशिरा ध्यानात येते. आपल्याकडे तर हा साठा मुळातच तोकडा असतो. पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींमध्ये बी-१२ ची पातळी कमी होती. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

यातून दोन प्रकारचे गैरसमज संभवतात. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे ही लक्षणे मधुमेहजन्य चेताविकाराची आहेत, तशीच बी-१२ च्या अभावाचीही आहेत. ती ‘साखरेमुळेच’ असे गृहीत धरले, तर सहज भरून निघणारी उणीव दुर्लक्षित राहते आणि चेतातंतूंची हानी कायमची होऊ शकते. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नाही, कारण रक्तक्षय नसतानाही चेतातंतू बाधित होऊ शकतात. बी-१२ च्या अभावात लाल रक्तपेशी आकाराने वाढतात खऱ्या. पण सोबत लोहाची कमतरता असल्यास ही खूणही झाकली जाते.

दुसरा गैरसमज ग्लायकेटेड हिमोग्लोबिनविषयीचा. ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी शर्करा दर्शवते. परंतु लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, हे तिचे गृहीतक आहे. बी-१२ च्या अभावात नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि शर्करा तेवढीच असूनही आकडा वाढलेला दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या अहवालातही याची नोंद आहे. अशा वेळी मेटफॉर्मिनची मात्रा वाढवली, तर मूळ उणीव अधिकच बळावते. उलट बी-१२ दिल्यावर नव्या पेशी वेगाने तयार होऊन आकडा उतरतो. त्याचे श्रेय पथ्याला देणे घाईचे ठरेल.

डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांची गोष्ट निराळी. ती मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. साहजिकच रक्तशर्करा नियंत्रणात असतानाही मूत्रतपासणीत साखर आढळते. तो औषधाचा गुणच होय. मात्र याच औषधांनी क्वचित रक्तातील आम्लता धोकादायकरीत्या वाढते आणि तेव्हा रक्तशर्करा फारशी चढलेली नसते. म्हणून उलट्या किंवा धाप लागल्यास केवळ शर्करामापकावर विसंबणे घातक ठरते.

प्रयोगशाळेच्या अर्जावर वय आणि लिंग विचारले जाते. चालू औषधांसाठी रकाना बहुधा नसतो. रुग्णाने ती माहिती स्वतःहून द्यावी, औषध मात्र परस्पर बंद करू नये. बी-१२ ची तपासणी इंजेक्शन घेण्यापूर्वीच करून घ्यावी. नंतर आलेल्या आकड्यावरून मूळ अभाव ओळखता येत नाही.