बरणीतला कोळी मेला नव्हता!

"काका, लवकर बघा ना! माझा टॅरंटुला मेला!"

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवारची सकाळ. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि कुळगावातल्या आमच्या बिल्डिंगमधला सातवीतला एक मुलगा रडवेला होऊन दारात उभा होता. हातात जॅमची बरणी. बरणीत थोडी माती आणि त्या मातीवर आठही पाय वर करून उताणा पडलेला, रुपयाच्या नाण्याएवढा केसाळ कोळी!

मागोमाग त्याची आईही आली. "बरं झालं, गेलं एकदाचं ते ध्यान! आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाक."

आठवड्यापूर्वी ही मुलं बारवी धरणाच्या रस्त्यानं फिरायला गेली होती. रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत त्यांना एक बीळ दिसलं. बिळाच्या तोंडाला पांढऱ्या रेशमी धाग्यांचं अस्तर होतं. काडी घालताच आतून हे पिल्लू बाहेर आलं आणि थेट बरणीत गेलं.

मी बरणी उजेडात धरली. "अरे, हा मेलेला नाही. कात टाकतोय! पण आत हा नाकतोडा कुणी सोडला?"

"त्याला भूक लागली असेल म्हणून मीच..."

"आधी तो बाहेर काढ. आणि बरणी हलवू नकोस!"

उताणा पडला म्हणजे मेला नव्हे

दोस्तांनो, कोळ्याला आपल्यासारखी हाडं नसतात. त्याचा सांगाडा म्हणजे अंगावरचं कडक कवच. आपण वाढतो तशी आपली कातडीही वाढते, पण हे कवच काही वाढत नाही. मग कोळी मोठा होणार कसा? तो जुनं कवच सापासारखं टाकून देतो. टॅरंटुला त्यासाठी चक्क पाठीवर झोपतो. आत नवं, मऊ कवच तयार असतं. जुनं कवच फाटतं आणि कोळी एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावं तसा हळूहळू बाहेर ओढतो. लहान पिल्लं वर्षातून बऱ्याचदा कात टाकतात, मोठी मादी साधारण वर्षातून एकदा.

मग मेलेला कोळी ओळखायचा कसा? त्याचे पाय पोटाखाली मुठीसारखे मिटलेले असतात. याचं कारण मोठं मजेचं आहे. कोळी पाय लांब करतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबानं. जीव गेला की दाब संपतो आणि पाय आत वळतात.

कात टाकताना कोळी अगदी असहाय असतो. विषाचे दातही नवे, पांढरे आणि मऊ! अशा वेळी बरणीतला साधा नाकतोडासुद्धा त्याला कुरतडून मारू शकतो.

आम्ही तिघं टेबलाशी बसून राहिलो. आईनं चहा केला, पण तिचीही नजर बरणीवरच. तासाभरानं पाहतो तर काय, बरणीत दोन कोळी! एक पोकळ, नुसतं कवच. दुसरा त्याच्या शेजारी ओलसर, फिकट रंगाचा आणि जिवंत.

"अगंबाई!" आई एवढंच म्हणाली. कचऱ्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

टॅरंटुला राहतो कुठे?

टॅरंटुला हे नाव इटलीतल्या तारांतो गावावरून आलं. आज जगात टॅरंटुलांच्या हजाराहून अधिक जाती माहीत आहेत. आपल्या सह्याद्रीतही त्यातल्या काही राहतात. कुणी जमिनीत बीळ करतं, तर कुणी झाडाच्या ढोलीत घर करतं. ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस पाय पसरून बसला तर मोठ्या माणसाचा तळहात झाकेल! रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञानं सन 1899 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. या जातीची पिल्लं बरेच दिवस आईबरोबर एकाच ढोलीत राहतात, बरं का!

एक गंमत सांगतो. बाथरूमच्या भिंतीवर लांब पायांचा, चपटा, मोठा कोळी दिसतो ना? तो टॅरंटुला नव्हे. तो जाळं न विणता झुरळांची शिकार करणारा घरातला कोळी. त्याच्या पोटाखाली पांढरी चपटी गोळी दिसली तर ती अंड्यांची पिशवी समजा. त्याला चपलेनं मारू नका. तो फुकटात झुरळं मारतो!

पिल्लू सांभाळणं सोपं नाही

परदेशात काही लोक टॅरंटुलाची पिल्लं पाळतात. त्यांचे नियम ऐका. पिल्लाला लहान डबी लागते. मोठ्या पेटीत त्याला भक्ष्यच सापडत नाही. झाकणाला बारीक भोकं, तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा. भुसा किंचित ओलसर हवा, चिखल झाला की बुरशी आलीच. खाणं त्याच्या पोटाच्या आकाराहून मोठं नको. उरलेलं भक्ष्य लगेच काढायचं. कात टाकण्याआधी पिल्लू खाणं सोडतं, तेव्हा आग्रह करायचा नाही. कात टाकल्यावर दात काळे होईपर्यंत काही दिवस उपासच. ऊन, डासांची अगरबत्ती आणि झुरळांचा फवारा यांपासून त्याला दूर ठेवायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, हातावर घ्यायचं नाही! हातातून पडला तर त्याचं नाजूक पोट फुटतं. चावला तर आपले हाल. ढोलीतल्या मोठ्या टॅरंटुलाच्या चाव्यानं भयंकर वेदना होतात आणि स्नायूंना पेटके येतात. तसं झालं तर जखम साबणानं धुऊन तडक डॉक्टरांकडे जायचं.

मग आपण पाळावा का?

नाही! त्याचं कारण आहे गुत्तीचा निळा कोळी. मुरारराव घोरपड्यांमुळे इतिहासात वाचलेलं आंध्रातलं गुत्ती आठवतं का? तिथल्या रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक झगझगीत निळा टॅरंटुला सापडला. पोकॉकनं 1899 मध्ये त्याला नाव दिलं पोइसिलोथेरिया मेटॅलिका. पुढं शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. सन 2001 मध्ये पूर्व घाटातल्या जंगलात पुन्हा सापडला आणि त्याच्या सुंदर रंगानं घात केला. परदेशांतल्या हौशी लोकांकडून त्याला मोठी मागणी आली. इकडे जंगलही तुटत होतं. सन 2008 मध्ये तो नामशेष होण्याच्या काठावर असल्याचं जाहीर झालं. सन 2019 मध्ये पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आली आणि 2022 च्या दुरुस्तीनं आपल्या वन्यजीव कायद्यातही त्या कराराच्या यादीची दखल घेतली गेली.

शिवाय टॅरंटुलाची मादी दहा-बारा वर्षंसुद्धा जगते. सातवीतला मुलगा नोकरीला लागेल तोवर! इतकी वर्षं बरणीत?

हे सगळं मी आमच्या मित्राला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दात काळे झाले की सोडून येऊ?"

दोन रविवारांनंतर आम्ही त्याच दरडीपाशी गेलो. त्यानं बरणी बिळाच्या तोंडाशी आडवी ठेवली. पिल्लू क्षणभर थबकलं, पुढच्या पायांनी माती चाचपली आणि सुळकन आत गेलं. टाकलेली कात मात्र कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवली आहे. ती बघायला आता अख्खी बिल्डिंग येते!

आणि नवं काही शोधायला लांब जायला नको. सन 2021 मध्ये आपल्याच ठाणे-कल्याण परिसरात उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडल्याचं जाहीर झालं. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात अतिरेक्याला निधड्या छातीनं पकडणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ तिचं नाव ठेवलं, आयसियस तुकारामी.

तेव्हा पालकांनो, मुलांनी कोळी दाखवला की झाडू शोधू नका. आधी भिंग शोधा. आणि दोस्तांनो, तुम्ही बरणी घरीच ठेवा. वही-पेन्सिल मात्र विसरू नका!