वर्गणीचे खेळाडू

बर्फ म्हटला की आमच्या रिसोडच्या माणसाला गोळेवाल्याची गाडी आठवते. बर्फावर हॉकीही खेळतात, असे मी वर्गात सांगितले तेव्हा मुले मनमुराद हसली. पण पुढची हकीकत ऐकताच वर्ग गप्प झाला. २०१७ साली भारताच्या मुलींच्या आइस हॉकी संघाला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेला जायचे होते आणि गाठीला पैसा नव्हता. संघात बहुतेक लडाखच्या मुली. त्यांनी देशापुढे झोळी पसरली, वर्गणी जमली आणि फिलिपिन्स व मलेशिया या दोघांना हरवून संघ परतला. २०२५ साली भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्यपदकही मिळविले.

झोळीची ही कथा महाराष्ट्राला नवी नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. १९५२ साली हेलसिंकीसाठी त्यांना पुन्हा दारोदार हिंडावे लागले. तेव्हा त्यांच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले ते असे! मीही मास्तरच, ही गोष्ट सांगताना ऊर भरून येतो आणि छातीत धडकीही भरते. दर वर्षी कोणी कोणी घरे गहाण टाकायची?

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची खो-खोच्या स्पर्धेसाठी निवड झाली. सोयाबीनला भाव नव्हता. “राहू दे पोरी,” वडील म्हणाले. आम्ही प्राध्यापकांनी आपसात वर्गणी केली, पोर खेळून आली. पण आमची वर्गणी एकीपुरती. तिच्यामागे उभ्या असलेल्या दहाजणींचे काय?

याचे उत्तर विदर्भातच आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. त्यातून वाढलेल्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. दाता एकाला तारतो, संस्था पिढ्यांना तारते.

आज पैसा मुळीच नाही असे नाही. राज्याच्या क्रीडा खात्याकडून व्यायामशाळा आणि क्रीडांगणे यांसाठी अनुदान मिळते. त्याची वाट जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीतून जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षणही आहे. मात्र दारात उभे राहण्यापूर्वी दप्तर हवे: संस्थेची रीतसर नोंदणी, तपासलेले हिशेब, आयकर खात्याची मान्यता, आणि २०२१ पासून कंपनी खात्याकडचा नोंदणी क्रमांक. आमच्या गावात धावणारे पाय पुष्कळ; हे दप्तर लिहिणारे हात थोडे.

वाचकहो, दिवाळीत पुण्यामुंबईचे हिशेबनीस, वकील, कारकून गावी येतात. फराळ झाल्यावर त्यांनी दोन तास द्यावेत, एवढेच माझे मागणे. आमच्या मुलीने परवाच विचारले, “सर, यंदा तिकिटाचं काय?” अर्ज वेळेवर गेला, तर तिला काही सांगता येईल.